दहावीनंतर अकरावी की आयटीआय? निकालाआधीच करायची तयारी

दहावीचा निकाल लागला की घरात टक्के विचारले जातात आणि टक्क्यांपाठोपाठ निर्णयही होऊन जातो. भरपूर असतील तर सायन्स, मध्यम असतील तर कॉमर्स, त्याखाली आर्ट्स, आणि कुठेच जमलं नाही तर आयटीआय. ही उतरंड कुठल्या नियमात लिहिलेली नाही, तरी गावोगाव ती पाळली जाते आणि तिच्यात दोन तऱ्हेची मुलं भरडली जातात. घरातला बिघडलेला पंखा स्वतः खोलून बसणारा मुलगा पंच्याऐंशी टक्के मिळाले म्हणून सायन्सला जातो आणि दोन वर्षं क्लासच्या बाकावर काढतो. ज्याला इतिहासात, मराठीत गोडी आहे तो पन्नास टक्के मिळाले म्हणून आयटीआयत वेल्डरच्या ट्रेडला, म्हणजे त्या व्यवसायाच्या अभ्यासक्रमाला, धाडला जातो आणि तिथे त्याचा जीव रमत नाही.

'अकरावी चांगली की आयटीआय चांगलं' असं मोघम विचारलं तर त्याला उत्तर नाही. प्रश्न नेमका केला की उत्तर सापडतं. तुमच्या तालुक्याच्या आयटीआयमधला इलेक्ट्रिशियन ट्रेड आणि तुमच्या आवाक्यातल्या अमुक कॉलेजची सायन्स शाखा, या दोन ठिकाणी तुमच्या मुलीची पुढची दोन वर्षं कशी जातील? आणि ती संपल्यावर तिच्यापुढे कोणत्या वाटा उरतील? हे शोधायला निकालाची वाट बघू नका. परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचे जे आठवडे मिळतात ते यासाठीच आहेत. निकालानंतर सगळ्या प्रवेशप्रक्रिया एकदम सुरू होतात आणि मग विचाराला उसंत मिळत नाही.

पहिलं काम: समोर नेमकं काय काय आहे ते लिहून काढा

बहुतेक घरांत दोनच नावं घेतली जातात. प्रत्यक्षात महाराष्ट्रात दहावीनंतरचे रस्ते निदान पाच आहेत.

एक, नेहमीची अकरावी-बारावी: कला, वाणिज्य, विज्ञान.

दोन, त्याच अकरावीतला द्विलक्षी अभ्यासक्रम, म्हणजे बायफोकल. यात दोनशे गुणांचा एक व्यावसायिक विषय घेता येतो. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय, मत्स्यव्यवसाय असे हे विषय असतात. बारावी सायन्सचीच राहते. सगळ्या कॉलेजांत सगळे विषय नसतात आणि गुणवत्ता यादी वेगळी लागते, म्हणून आधी चौकशी हवी.

तीन, बारावीचाच व्यावसायिक अभ्यासक्रम. जुन्या पिढीला तो एमसीव्हीसी नावाने माहीत आहे, आता उच्च माध्यमिक व्यावसायिक अभ्यासक्रम म्हणतात.

चार, आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. केंद्र सरकारची शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे, तिच्यातले हे अभ्यासक्रम. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, खासगी त्याहून जास्त. प्रवेश आणि देखरेख व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे, म्हणजे डीव्हीईटीकडे.

पाच, तंत्रनिकेतनातली तीन वर्षांची पदविका, आपण डिप्लोमा म्हणतो ती. पुस्तकी अभ्यास आयटीआयपेक्षा बराच जास्त, हातकाम कमी, गणित पक्कं हवं. ज्या घरात इंजिनीअरिंगच करायचं ठरलेलं आहे पण बारावी-सीईटीच्या धावपळीत पडायचं नाही, तिथे हा रस्ता गंभीरपणे बघावा. डिप्लोमानंतर पदवी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

या लेखात मी मुख्यतः अकरावी आणि आयटीआय यांच्याबद्दल लिहितो आहे, कारण गोंधळ तिथेच सर्वांत जास्त आहे.

दुसरं काम: मुलाशी बोला, पण 'तुला काय व्हायचंय' हा प्रश्न टाळा

पंधरा-सोळाव्या वर्षी त्याचं उत्तर फार थोड्यांकडे असतं. त्याऐवजी बारीक, रोजचे प्रश्न विचारा. सहा तास उभं राहून काम करायला चालेल का? हात तेलात, ग्रीसमध्ये गेलेले चालतील का? एकच गोष्ट मनासारखी होईपर्यंत परत परत करायचा कंटाळा येतो का? पाठांतर नकोसं वाटतं की मुळात वाचायलाच नकोसं वाटतं? हे शेवटचे दोन वेगळे आहेत. पाठांतराला वैतागलेलं मूल वर्कशॉपमध्ये अनेकदा फुलतं. वाचनच नको असलेल्याला आयटीआयतही जड जाईल, कारण तिथेही थिअरी आहे, एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स म्हणजे नोकरीसाठी लागणाऱ्या कौशल्यांचा विषय आहे आणि शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा द्यावी लागते. 'आयटीआयला अभ्यास नसतो' हे ऐकून कुणी जात असेल तर त्याला आधीच थांबवा.

मग एक प्रयोग करा. मे महिन्यात पंधरा दिवस मुलाला ओळखीच्या गॅरेजमध्ये, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये किंवा एखाद्या कार्यालयात नुसतं बघायला बसवा. त्याच्या हातून काम करून घ्यायचं नाही, फक्त बघू द्यायचं. तिसऱ्या दिवशी मोबाइल काढून बसतो की मिस्त्रीला प्रश्न विचारतो, एवढं पाहिलं तरी पुरतं. एखाद्या कल चाचणीपेक्षा मला हे जास्त विश्वासाचं वाटतं.

आणखी एक तपासणी स्वस्तात होते आणि जवळपास कुणीच करत नाही: डोळ्यांची. रंगांधळेपणा असलेल्या मुलाला विजेच्या कामात वायरींचे रंग ओळखताना धोका संभवतो. रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायचं असेल तर तिथली वैद्यकीय पात्रता फार कडक आहे. चष्म्याशिवाय पूर्ण दृष्टी लागते, रंगदृष्टीही लागते. दोन वर्षं ट्रेड करून मग वैद्यकीय तपासणीत बाद होण्यापेक्षा आत्ता नेत्रतज्ज्ञाकडे एक फेरी मारलेली बरी.

तिसरं काम: कोणता रस्ता कुठे बंद होतो ते आधी बघा

काही क्षेत्रांना बारावीशिवाय दारच नाही. डॉक्टर, बीएस्सी नर्सिंग किंवा फार्मसी म्हणजे बारावी सायन्स लागणारच. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला बारावी लागते. सीए फाउंडेशनची परीक्षा बारावीनंतर असते. महाराष्ट्र पोलिसात शिपाई व्हायचं तरी बारावी उत्तीर्ण लागते. स्पर्धा परीक्षांतली बरीचशी पदं पदवीवर आहेत. मूल यातलं काही मनापासून म्हणत असेल आणि त्याचा अभ्यास त्याला साजेसा असेल, तर अकरावी घ्या, त्यात द्विधा मन नको.

उलट बाजूला, काही पदं अशी आहेत की तिथे नुसती बारावी, अगदी नुसती बीए-बीकॉमची पदवीसुद्धा, उपयोगाची नाही आणि आयटीआयचं प्रमाणपत्र लागतं. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड मागतात. डिसेंबर २०२३ मध्ये या एका पदाच्या ५,३४७ जागांची जाहिरात निघाली होती. रेल्वेत सहायक लोको पायलट आणि तंत्रज्ञ या पदांना दहावी अधिक ठरावीक ट्रेडचा आयटीआय चालतो. माझगाव डॉक, मुंबईचा नेव्हल डॉकयार्ड, ओझरचा एचएएल कारखाना, खडकी, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव इथले आयुध निर्माणी कारखाने हे ट्रेडच्या मुलांना शिकाऊ म्हणून घेत आलेले आहेत.

आता आयटीआयनंतर परत शिक्षणाकडे वळता येतं का, याबद्दल. या बाबतीत पालकांच्या मनात जी भीती असते ती बरीचशी अनाठायी आहे. दहावी उत्तीर्ण होऊन दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमा झाला की अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे फिटरपासून बी.ई.पर्यंत सलग रस्ता आहे. तो लांब आहे आणि गणितावर मेहनत घ्यावी लागते, हे खरं, पण मध्ये कुठेही थांबलं तरी हातात काही ना काही प्रमाणपत्र असतं.

बारावीची समकक्षताही मिळवता येते. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या दहावी उत्तीर्ण उमेदवाराला भाषा विषयांची परीक्षा देऊन ती घेता येते, राज्य मंडळाकडून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून, म्हणजे एनआयओएसकडून. आठवीवर प्रवेश घेतलेल्या मुलांसाठी तशीच दहावीची सोय आहे. आयटीआयच्या कार्यालयात पहिल्याच वर्षी याची विचारणा करा आणि अर्जाची वेळ चुकवू नका. ही परीक्षा देऊन ठेवली की नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवीचा विचार करता येतो.

एक अट मात्र ध्यानात ठेवा. डिप्लोमाचा थेट प्रवेश आणि बारावीची समकक्षता या दोन्ही सोयी दोन वर्षांच्या ट्रेडला धरून आहेत. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड) असे एक वर्षाचे ट्रेड लवकर कमावायला लावतात, पण पुढचे रस्ते अरुंद ठेवतात. पुढे शिकण्याची जराशीही शक्यता असेल तर फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, ड्राफ्ट्समन, रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग अशा दोन वर्षांच्या ट्रेडकडे आधी बघावं.

चौथं काम: आयटीआयमध्ये स्वतः जाऊन या

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. एकाच नावाचा ट्रेड दोन संस्थांत दोन टोकांचा असू शकतो. संस्थेचं नाव, इमारत, फलक बघून काहीच कळत नाही. वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं की अर्ध्या तासात बरंच कळतं.

कामाच्या दिवशी, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला जा. गेटवर सांगा, दहावीच्या मुलाला ट्रेड दाखवायचा आहे. चांगल्या संस्थेत अडवत नाहीत, उलट एखादे शिल्पनिदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारे शिक्षक, स्वतः फिरवून दाखवतात. आत गेल्यावर पहिल्यांदा यंत्रांकडे बघा. लेथवर ताजा कीस पडलेला आहे का, तेल घातलेलं आहे का, की वर धूळ आणि खाली जाळी? यंत्र जुनं आहे म्हणून नाक मुरडू नका. जुन्या लेथवर हात बसलेला टर्नर सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, लवकर शिकतो. बंद पडलेलं नवं यंत्र मात्र कुणालाच काही शिकवत नाही.

मग मुलांचे जॉब बघा. आयटीआयत 'जॉब' म्हणजे मुलाने तयार केलेला नमुना. फिटरच्या पहिल्या वर्षाची मुलं सुरुवातीला कित्येक दिवस नुसतं फाइलिंग करत असतात. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून घासायचा, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावून प्रकाश आरपार दिसतो का बघायचं, परत घासायचं. बाहेरून कंटाळवाणं दिसतं, पण हाताला मापाची जाणीव तिथेच येते. मुलांच्या जॉबवर खुणा, मापं आणि निदेशकांच्या सह्या असतील, रेकॉर्ड बुक नियमित भरलेलं असेल, तर तिथे काम होतंय. सगळ्यांचे जॉब अगदी सारखे आणि गुळगुळीत असतील तर जपून राहा, ते बाहेरून करून आणलेले असू शकतात.

अभ्यासक्रमाचं वेळापत्रक काय सांगतं? इलेक्ट्रिशियनचं उदाहरण घेतलं तर पहिल्या वर्षाच्या बाराशे तासांपैकी आठशे चाळीस तास प्रात्यक्षिकाचे आहेत. म्हणजे दहातले सात तास हात कामात हवेत. वर्कशॉपमधल्या मुलांना बाजूला घेऊन विचारा, काल काय केलं? परवा? उत्तर लगेच आलं तर ठीक. 'सर आले नव्हते' हे उत्तर दोन-तीन मुलांकडून आलं तर त्या ट्रेडला कायम निदेशक आहे का ते कार्यालयात विचारा. निदेशकांच्या रिकाम्या जागा ही बऱ्याच संस्थांची दुखरी बाजू आहे. त्या एका गोष्टीवर ट्रेडचं भलंबुरं ठरतं, म्हणून हा प्रश्न विचारायला लाजू नका.

याशिवाय एवढं तपासा:

- ट्रेडला राष्ट्रीय संलग्नता आहे का. पूर्वी एनसीव्हीटी, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेची संलग्नता, म्हणत, आता प्रमाणीकरणाची चौकट एनसीव्हीईटीकडे आहे, पण बोलीत जुनंच नाव चालतं. राज्य पातळीवरच्या म्हणजे एससीव्हीटी प्रमाणपत्राला केंद्राच्या काही भरतींत अडचण येते. खासगी संस्थेत तर संस्थेची नव्हे, त्या विशिष्ट ट्रेडची आणि युनिटची, म्हणजे तुकडीची, संलग्नता पाहावी.
- एका युनिटमध्ये साधारण वीस ते चोवीस मुलं असतात. तेवढ्यांना पुरतील इतके व्हाइस, इतकी मीटर, इतकी वेल्डिंग बूथ आहेत का.
- गेल्या वर्षी त्या ट्रेडची किती मुलं शिकाऊ उमेदवारीला गेली आणि कुठल्या कंपन्यांत. संस्थेत प्लेसमेंटचं काम बघणारी व्यक्ती असते, तिच्याकडे नावं मागा. 'बरीच गेली' यावर समाधान मानू नका.
- मुलींसाठी स्वच्छतागृह, वर्कशॉपच्या इमारतीतच. ते मुख्य इमारतीत आणि वर्कशॉप मागच्या मैदानापलीकडे असेल तर रोजचा त्रास ठरलेला.

मुलींबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. शासकीय आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत आणि बऱ्याच ट्रेडमध्ये त्या पुऱ्या भरत नाहीत, कारण घरचे शिवणकाम, ब्युटी पार्लर आणि कोपा यांच्यापलीकडे बघत नाहीत. त्या ट्रेडना नावं ठेवायची नाहीत. पण इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, ड्राफ्ट्समन, मशिनिस्ट, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे ट्रेड मुली उत्तम करतात, आणि वाहन उद्योगातल्या असेंब्ली लाइनवर तर मुलींना आवर्जून घेणारे कारखाने आहेत. ज्या मुलीला गणित आणि चित्रकला दोन्ही आवडतं तिला ड्राफ्ट्समनचा ट्रेड एकदा दाखवाच.

पाचवं काम: कॉलेजलाही तसंच तपासा

आयटीआयला इतक्या बारकाईने बघायचं आणि कॉलेजात मात्र नुसतं नाव बघून प्रवेश घ्यायचा, हा न्याय नाही. कॉलेजात विचारा: वर्ग खरोखर भरतात का? प्रयोगशाळेत मूल आठवड्यातून किती वेळा जाईल? सायन्सची कितीतरी मुलं सकाळपासून क्लासमध्ये असतात आणि कॉलेजचं तोंड फक्त परीक्षेला बघतात. तुमचं मूल त्या साच्यात बसणारं असेल, जेईई, नीट किंवा एमएचटी-सीईटीसाठी दोन वर्षं नेटाने लढणारं असेल, तर ठीक. पण क्लासची फी भरायची ऐपत नाही आणि कॉलेजात शिकवलं जात नाही, अशा दोन्हीकडून तुटलेल्या सायन्सला मूल घालू नका. बारावीला कसेबसे पास आणि सीईटीत काही नाही, मग नाइलाजाने बीएस्सी, अशी वाट पकडलेली मुलं प्रत्येक तालुक्यात आहेत.

आर्ट्सबद्दल उलट सांगतो. ज्या मुलाला वाचायला, लिहायला, बोलायला आवडतं, भाषा येते, समाजाबद्दल कुतूहल आहे, त्याने कुणाच्या नजरेला न घाबरता आर्ट्स घ्यावं. त्याच्या हातात पाना देऊन त्याचं भलं होणार नाही.

सहावं काम: पाच वर्षांचा खर्च मांडा, एका वर्षाचा नको

एक कागद घ्या, दोन रकाने करा. अकरावीच्या रकान्यात कॉलेजची फी, क्लास, प्रवास किंवा खोलीचं भाडं, परीक्षांचे अर्ज, आणि बारावीनंतरच्या तीन-चार वर्षांच्या पदवीचा खर्च लिहा. हे विसरलं जातं: बारावी स्वतः नोकरी देत नाही, तिच्यामागे पदवी येतेच. आयटीआयच्या रकान्यात संस्थेची फी, टूलकिट, गणवेश, सेफ्टी शूज, प्रवास. शासकीय संस्थेची फी अगदी माफक असते. खासगी संस्थेची त्याच्या कितीतरी पट असू शकते, पावतीवर लिहिलेली आणि न लिहिलेली अशी दोन्ही विचारा. दोन्ही रकान्यांत महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या वजा करा. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास वर्ग यांच्या योजना आहेत, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा जमा होऊ शकतात, तेव्हा पहिल्या वर्षाची रक्कम घरातून उभी राहील का ते बघून ठेवा.

आयटीआयच्या रकान्यात तिसऱ्या वर्षापासून जमेची बाजू सुरू होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. २०१९ च्या सुधारणेत आयटीआय प्रमाणपत्रधारकाचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं. चालू दर शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर पाहा. चांगल्या कंपन्या त्याहून जास्त देतात.

इथे एक कटू गोष्ट सांगणं भाग आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, अंबड-सातपूर कुठेही जा, आयटीआय झाला की कंपनीत कायम, हे दिवस गेले. बहुतेक मुलं आधी शिकाऊ, मग कंत्राटदाराकडे, अशी काही वर्षं काढतात. म्हणून कंपनी निवडताना कायद्याखालची नोंदलेली शिकाऊ उमेदवारी मागा, जिच्या शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. एजन्सीमार्फत 'ट्रेनी' म्हणून नुसतं लाइनवर उभं केलं जातं तिथे ते मिळत नाही, आणि पगार हजार-दोन हजारांनी जास्त दिसतो म्हणून मुलं तिकडे वळतात. तसं करू देऊ नका. रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली तर तिथल्या पहिल्या स्तराच्या भरतीत २० टक्के जागा अशा उमेदवारांसाठी बाजूला ठेवलेल्या असतात.

सातवं काम: आपल्या भागात काय चालतं ते बघून ट्रेड ठरवा

औद्योगिक वसाहत जवळ असेल तर टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर यांना मागणी असते. नाशिक, सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात शीतगृहं आहेत, तिथे रेफ्रिजरेशनवाला लागतो. विदर्भ-मराठवाड्यात जिथे कारखाने विरळ आहेत तिथे मेकॅनिक ॲग्रिकल्चरल मशिनरी, डिझेल मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियन हे गावातच धंदा उभा करायला बरे: ट्रॅक्टर, कृषिपंप, सौरपंप रोज कुठे ना कुठे बंद पडत असतात. विजेच्या वायरिंगची कामं रीतसर घ्यायची तर विद्युत निरीक्षण विभागाचा तारतंत्री परवाना लागतो, आयटीआय संपल्यावर त्याचा अर्ज लगेच करावा.

ज्यांना शिकवण्याची आवड आहे त्यांच्यासाठीही जागा आहे. शिल्पनिदेशक व्हायला सीआयटीएस नावाचं एक वर्षाचं प्रशिक्षण असतं. मुंबईत चुनाभट्टीला त्याची राष्ट्रीय संस्था आहे.

आठवं काम: अर्ज

तिन्हीकडे भरा. अकरावी, आयटीआय आणि डिप्लोमा यांच्या प्रक्रिया वेगवेगळ्या आहेत आणि एकीकडे अर्ज केला म्हणून दुसरीकडचा बाद होत नाही. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो, त्यामुळे गावच्या कॉलेजात थेट जाऊन प्रवेश घेऊ, ही जुनी सवय आता चालत नाही. आयटीआयचा अर्ज डीव्हीईटीच्या पोर्टलवर भरायचा, कागदपत्रं तपासून अर्ज निश्चित करून घ्यायचा आणि मग ट्रेड व संस्थांचे पसंतीक्रम द्यायचे. अर्ज भरून निश्चित न करणं किंवा पसंतीक्रम भरायलाच विसरणं, यामुळे कितीतरी मुलं बाहेर राहतात.

पसंतीक्रमात पहिलं नाव विचार करूनच लिहा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते, न घेतल्यास पुढच्या फेऱ्यांतून बाहेर जावं लागतं. शहरातल्या शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनची यादी वरच्या गुणांवरच संपते. तेव्हा खालच्या पसंतींमध्येही तुम्ही स्वतः पाहून आलेल्या संस्था आणि ट्रेडच असू द्या, 'काहीतरी मिळावं' म्हणून भरलेलं नाव नको.

कागदपत्रांत जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास यांना वेळ लागतो. जूनमध्ये सेतू केंद्रावर झुंबड असते, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज टाका. शाळा सोडल्याचा मूळ दाखला ज्या संस्थेत पहिल्यांदा जमा कराल तिथे अडकतो आणि दुसरीकडे जायचं झालं की आधी प्रवेश रद्द करावा लागतो. तो देण्याआधी पक्कं ठरवा आणि प्रती साक्षांकित करून जवळ ठेवा.

दहावीत एक-दोन विषय राहिले असतील तर घाबरू नका. जून-जुलैच्या सुमाराला पुरवणी परीक्षा असते, एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला बसता येतं, आणि वायरमन, वेल्डर यांसारखे काही ट्रेड आठवी उत्तीर्णांसाठीही खुले आहेत.

प्रवेशानंतरचे पहिले दोन महिने

आयटीआयत परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. पावसाळ्यात शेतीच्या कामाला मुलाला घरी ठेवण्याची सवय असेल तर हे आधीच घरात बोलून घ्या. दर आठवड्याला त्याचं रेकॉर्ड बुक उघडून बघा, काय केलं ते त्याला समजावून सांगायला लावा. सेफ्टी शूज आणि गॉगल घेतल्याशिवाय वर्कशॉपला पाठवू नका, त्यात काटकसर नको.

अकरावीला गेलेल्या मुलाचंही तेच. पहिल्या घटक चाचणीनंतर त्याच्याशी मोकळेपणाने बसा. झेपत नसेल तर सायन्समधून दुसऱ्या शाखेत बदल करता येतो का हे कॉलेजला त्याच महिन्यात विचारा, कारण नंतर मुदत निघून जाते. आयटीआयच्या समुपदेशन फेऱ्यांत रिकाम्या जागा बऱ्याचदा उशिरापर्यंत भरत असतात. डीव्हीईटीच्या सूचना फलकावर ऑगस्टपर्यंत नजर ठेवा आणि जवळच्या आयटीआयच्या प्रवेश कक्षाचा फोन नंबर लिहून ठेवा.